दोन किल्ल्यांची तिजोरी : मुलांच्या खेळातील गटांविषयी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा आणि २२ला राष्ट्रपतींची संमती. एवढ्या वेगाने आमच्या नोकरीच्या काळात शाखेतून हेड ऑफिसला पत्रही पोचत नसे. पाठोपाठ ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून त्यांचे नाव गेले. वर्तमानपत्रांत, टीव्हीवर आणि आपल्या मंडळाच्या ओट्यावरही चर्चा झाली ती रमीची आणि सट्ट्याची. पैसे लावण्याचे खेळ बंद झाले, म्हणजे मुले वाचली, असा एकंदर सूर होता.

पण आपल्या घरांतली बहुतेक मुले त्या खेळांत नव्हतीच. दहा ते अठरा वयाची आपली नातवंडे वेगळ्याच जगात आहेत. तिथे हरण्या-जिंकण्याला फारसे महत्त्व नाही. मूल एक पात्र घेते आणि त्या पात्राने वावरते. रोब्लॉक्सवर ब्रुकहेवन नावाचे एक गाव आहे. त्यात कोणी डॉक्टर होतो, कोणी दुकानदार, कोणी कोणाची मोठी बहीण. थोडी मोठी मुले 'जीटीए फाइव्ह'च्या रोलप्ले सर्व्हरवर असतात. तिथे पोलीस, वकील, गॅरेजवाला, गुंडांच्या टोळ्या असे अख्खे शहर माणसेच चालवतात, आणि आपल्याकडे हे बरेचसे हिंदीत चालते. आपल्या पिढीला समजेल अशा भाषेत सांगायचे तर ही लळितातली सोंगे आहेत. फरक एवढाच, की हे लळित रात्रीपुरते नसते. ते वर्षानुवर्षे चालते आणि सोंगामागचा माणूस कोण, हे समोरच्याला माहीत नसते.

या जगात काही महिने रमल्यावर प्रत्येक चळवळ्या मुलाला एकच इच्छा होते : आपला स्वतःचा गट काढायचा. गिल्ड, क्रू, कम्युनिटी, खेळाप्रमाणे नाव बदलते. आम्हांला रस आहे तो या क्षणात, कारण हा क्षण आपल्या आजोबा-पणजोबांनीही अनुभवला होता. बडोद्यात तर फारच. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने इथे अन्योन्य सहकारी मंडळी निघाली, तेव्हा देशात सहकाराचा कायदा यायला पंधरा वर्षे अवकाश होता. काही मध्यमवर्गीय माणसे एकत्र आली, महिन्याला थोडे पैसे टाकू लागली आणि गरजवंताला त्यातून कर्ज देऊ लागली. आधार काय, तर एकमेकांवरचा विश्वास. नावातच तो होता. ती संस्था शंभराहून अधिक वर्षे चालली, आणि पुढे कशी मिटली हे बडोद्यातल्या जुन्या ठेवीदारांना आम्ही सांगायला नको.

गट काढणे सोपे असते, हे दोन्ही जगांत खरे. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याला सात माणसांच्या सह्या लागतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ मध्ये आला, तेव्हा त्यात गिल्ड काढण्याची पद्धत अशी होती : गावातल्या अधिकाऱ्याकडून दहा चांदीच्या नाण्यांना सनद विकत घ्यायची आणि तिच्यावर इतर नऊ खेळाडूंच्या सह्या मिळवायच्या. म्हणजे संस्थापक धरून दहा. आपल्या कायद्यापेक्षा तीन जास्तच! नऊ ओळखीचे सापडत नसत, म्हणून लोक शहराच्या चौकात उभे राहून अनोळखी माणसांना चार नाणी देत, सही घेत, आणि सही करणारा दुसऱ्या दिवशी गटातून बाहेर पडे. मंडळांच्या निवडणुकीआधी अचानक वाढणारी सभासदसंख्या ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पुढे कंपनीने ही अट चार सह्यांवर आणली. रोब्लॉक्सवर तर सह्याही नाहीत. त्यांच्या चलनातले शंभर रोबक्स भरले की गट तयार. जीटीएच्या सर्व्हरवर मात्र अनेक ठिकाणी रीतसर अर्ज असतो. तुमच्या पात्राचा पूर्वेतिहास काय, टोळी कशासाठी काढता, नियम वाचले का, हे सारे विचारतात. काही अर्ज आम्ही पाहिले. आम्ही मंजूर केलेल्या कितीतरी कर्जप्रकरणांपेक्षा ते जास्त काळजीपूर्वक भरलेले होते.

पाहायचे ते नंतरचे. या बाबतीत सर्वांत बोलकी उदाहरणे 'ईव्ह ऑनलाइन' या खेळातली आहेत. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा अंतराळातला खेळ २००३ पासून चालू आहे. यात खेळाडू कॉर्पोरेशन काढतात आणि अनेक कॉर्पोरेशनांची मिळून युती होते. हजारो सभासद, खजिना, जहाजे, ताब्यातले प्रदेश, असे मोठे संसार उभे राहतात. २००९च्या फेब्रुवारीत 'बँड ऑफ ब्रदर्स' नावाची त्या वेळची बलाढ्य युती एका रात्रीत नाहीशी झाली. लढाईत हरली नाही. तिच्या मुख्य कॉर्पोरेशनचा एक संचालक फुटून शत्रूकडे गेला आणि त्याला असलेल्या अधिकारात त्याने युती विसर्जित केली. त्यासाठी ठराव किंवा सभा तर नाहीच, दुसरी सहीसुद्धा लागली नाही. शत्रूने लगोलग तेच नाव स्वतःकडे नोंदवून घेतले, त्यामुळे जुन्या लोकांना आपले नावही परत मिळाले नाही.

आपल्या १८६०च्या कायद्यात संस्था विसर्जित करायला किमान तीन-पंचमांश सभासद लागतात, आणि उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते. कंटाळवाणे कलम आहे. वार्षिक सभेत कोणी वाचायला घेतले की लोक चहाकडे वळतात. पण हे कलम ज्याने लिहिले त्याने फुटलेला संचालक पाहिलेला असणार.

त्याच खेळात, त्याच वर्षी, दुसरा प्रकार घडला. खेळाडूंनी ईबँक नावाची बँक चालवली होती. ठेवी खेळातल्या चलनात, व्याजही त्यातच. तिच्या एका प्रमुखाने सुमारे दोनशे अब्ज एवढे खेळातले चलन काढून घेतले आणि बाहेर खऱ्या पैशांना विकले. सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. घरासाठी आणि मुलाच्या औषधपाण्यासाठी लागत होते, असे त्याने सांगितले. बातमी फुटल्यावर ठेवीदारांची रांग लागली, आणि अंतराळातल्या बँकेवर अगदी आपल्याकडच्यासारखा रन आला. यातला आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटलेला भाग पुढे आहे. कंपनीने त्याला खेळातून काढले ते चोरीसाठी नव्हे, कारण खेळात चोरी करणे नियमबाह्य नाही. खेळातले चलन खऱ्या पैशांना विकले, हा त्याचा गुन्हा. ठेवीदारांच्या वाट्याला त्या कारवाईतून काही आले नाही.

तिसरे उदाहरण २७ जानेवारी २०१४चे. एका युतीकडून एका प्रदेशाच्या ताब्याचा ठरलेला हप्ता भरायचा राहिला. ताबा सुटला, शत्रू आत शिरला आणि सुमारे एकवीस तास लढाई चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले. टायटन या वर्गातली ७५ प्रचंड जहाजे नष्ट झाली आणि नुकसानीचा खऱ्या पैशांतला अंदाज तीन लाख डॉलरच्या आसपास गेला. ज्यांनी आयुष्यभर 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन'ची वही सांभाळली आहे, त्यांनी हे वाचून नक्की मान डोलावली असेल.

या तीन हकिकती सांगण्याचे कारण आहे. मुलांच्या गटांविषयी घरात जे बोलणे होते ते दोनच प्रकारचे असते : डोळे खराब होतील आणि अभ्यास बुडेल. दोन्ही खरे आहे, पण त्या मुलाच्या हातात प्रत्यक्षात काय आहे ते यात येतच नाही. त्याच्या हातात एक संस्था आहे. तिला सभासद आहेत, पदे आहेत, रुसवेफुगवे आहेत, कधीकधी पैसाही आहे, आणि तिची घटना कोणी लिहिलेली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या परिचयाच्या एका घरात असेच झाले. मुलगा चौदा वर्षांचा. इंदूर, पुणे आणि बडोदे इथली चुलत-मावस भावंडे आणि त्यांचे मित्र मिळून पंचवीस-तीस जणांचा गट त्याने काढला होता. गंमत म्हणजे गटाचा नियम असा, की आपसांत मराठीतच बोलायचे. घरी ज्या मुलांना आजीशी मराठीत बोलायला आग्रह करावा लागतो, ती तिथे पोलिसी खाक्यातले मराठी बोलत होती. इंदूरचा मुलगा 'अपन' म्हणाला की बाकीचे हसत, आणि आठवड्याभरात सगळेच 'अपन' म्हणू लागले. परीक्षा आल्या म्हणून या मुलाने एका नव्या, फार कामसू सभासदाला सगळे अधिकार देऊन ठेवले. तो कोण, कुठला, कोणी पाहिलेला नव्हता. परीक्षा संपेपर्यंत त्याने एकेकाला काढून टाकले, खोल्या पुसल्या आणि गटाचे नाव बदलले. मुलगा दोन दिवस जेवला नाही. घरातले हसले. 'एवढेच ना, दुसरा काढ,' असे म्हणाले.

आमच्या मते हसायला नको होते. मंडळाचे दप्तर एखाद्या कार्यवाहाने घरी नेले आणि परत दिले नाही, म्हणून आपल्यातली मोठी माणसे किती वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत, हे आठवून पाहावे. तीस जणांनी आठ महिने रोज संध्याकाळी जे उभे केले ते गेले, आणि त्याला घरात कोणी नुकसान म्हणायला तयार नव्हते.

अशा गटाला नुकसान म्हणावे इतके मोल असते का, अशी शंका ज्यांना असेल त्यांनी मॅट्स स्टीन या नॉर्वेजियन तरुणाची हकिकत जरूर पाहावी. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला. त्याला डुशेन हा स्नायूंचा आजार होता. शरीर हळूहळू थांबत गेले आणि २०१४च्या नोव्हेंबरात, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आई-वडिलांची समजूत अशी, की मुलगा एकटा जगला, एकटा गेला. त्यांनी त्याच्या मृत्यूची बातमी त्याच्या ब्लॉगवर कळवली आणि निरनिराळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये इबेलिन या पात्राच्या रूपाने तो 'स्टारलाइट' नावाच्या एका रोलप्ले गिल्डमध्ये वर्षानुवर्षे वावरत होता. तिथे त्याने माणसांना धीर दिला होता, भांडणे केली होती, प्रेमात पडला होता, एका आईला तिच्या मुलाशी खेळातून बोलण्याची वाट दाखवली होती. गिल्डचे काही सभासद अंत्यसंस्काराला प्रत्यक्ष आले. हे सगळे आई-वडिलांना कळले, कारण गिल्डने आपल्या संवादांच्या नोंदी ठेवल्या होत्या. हजारो पानांच्या. प्रोसिडिंग बुक नीट ठेवले तर ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

आता पैशांचे. नव्या कायद्याने तीन वर्ग केले आहेत : ई-स्पोर्ट, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम. पहिल्या दोघांना प्रोत्साहन, तिसऱ्याला बंदी. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मनी गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत, आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही पुरवणाऱ्याइतकीच शिक्षा. रोलप्लेचे गट मुळात सोशल गेमच्या बाजूचे. पण गट वाढला की मुलांच्या डोक्यात कल्पना येतात. सर्व्हरचे भाडे सगळ्यांनी वाटून भरायचे, हा साधा खर्च आहे. आपापसांत शर्यत लावायची, प्रत्येकी पन्नास रुपये आणि जिंकेल त्याला सगळे, ही मात्र पैज झाली. कायद्याच्या व्याख्येत नुसता रुपया नाही. पैशांत बदलता येणारी नाणी आणि टोकनही पैज समजली जातात. त्यामुळे 'खेळातलेच पॉइंट आहेत' या सबबीवर आम्ही फारसा भरवसा ठेवणार नाही.

बँकेतल्या माणसाला याहून जवळची काळजी वेगळी आहे. हे पैसे जमतात कुठे? बहुधा आईच्या किंवा बाबांच्या यूपीआयवर. तीस अनोळखी ठिकाणांहून छोट्या रकमा येणे आणि लगेच पुढे जाणे, ही चाल फसवणुकीच्या खात्यासारखी दिसते. त्यातला एक रुपया जरी कुठल्या तक्रारीतल्या खात्यातून आलेला असला तरी पोलिसांच्या सूचनेवरून रक्कम अडकू शकते, कधी खातेच गोठते. पगार त्याच खात्यात, गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून. मग मुलाच्या पन्नास रुपयांसाठी सायबर सेलला खेटे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवू देण्याची मोकळीक बँकांना दिली. ज्या बँकेने ती अमलात आणली असेल तिथे मर्यादा घातलेले वेगळे खाते काढावे आणि गटाचा खर्च, असलाच तर, त्यातूनच करावा. हिशेब गटातल्या सर्वांना दिसेल असा ठेवायला सांगावा. वयाच्या चौदाव्या वर्षी जमाखर्च लिहायला शिकलेला मुलगा पुढे कुठल्याही मंडळाला खजिनदार म्हणून चालेल, आणि खजिनदार मिळत नाही ही आपली जुनीच अडचण आहे.

अनोळखी माणसांचा प्रश्न याहून अवघड. रोब्लॉक्सविरुद्ध मुलांच्या सुरक्षिततेवरून अमेरिकेत खटले उभे राहिले. लुइझियाना राज्याने २०२५च्या ऑगस्टमध्ये दावा लावला. नोव्हेंबरात कंपनीने गप्पा मारण्यासाठी चेहऱ्यावरून वय ताडणारी तपासणी सक्तीची करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात आपल्याकडे वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम प्रसिद्ध झाले. २०२३च्या या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मूल हे मूलच, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण कायदा कंपनीला बांधतो. गटात कोणाला घ्यायचे आणि कोणाला अधिकार द्यायचे हे चौदा वर्षांचा संस्थापकच ठरवतो, आणि तिथे ना कंपनी असते ना सरकार. एखादा मोठा माणूस मुलांच्या गटात फार मदत करू लागला, एकेकाला वेगळ्या खोलीत बोलावू लागला, भेटी पाठवू लागला, तर ते घरी सांगायचे, हे गट काढण्याआधीच बोललेले हवे. सांगितल्यावर फोन काढून घेतला जाणार असेल, तर मूल सांगणार नाही. हे आम्ही आजोबा म्हणून सांगतो, अधिकारी म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट पालकांपेक्षा मुलांनीच लक्षात घ्यायची आहे. गटाची जमीन आपली नसते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ११८ अ‍ॅप बंद केली आणि त्यात पबजी मोबाइल गेले. कितीतरी जमलेल्या टोळ्या उघड्यावर आल्या. चीनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये दोन कंपन्यांचा करार संपला आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. ज्या गटांकडे सभासदांची यादी आणि एकमेकांशी बोलायची दुसरी जागा होती, त्यांना पुन्हा जमणे सोपे गेले. भाड्याच्या जागेत भरणाऱ्या आपल्या मंडळांना हे ठाऊक आहे. जागा गेली तरी दप्तर बरोबर असले की मंडळ दुसरीकडे उभे राहते.

शाखेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडत नाही. दोघेही प्रामाणिक असले तरी हीच पद्धत, आणि तिने कोणाचा अपमान होत नाही. खेळांत बहुधा मालकी एकाच खात्याकडे असते, त्याला इलाज नाही. पण खालचे अधिकार वाटता येतात. सभासद घेणारा एक असावा, काढणारा दुसरा असावा. खोल्या पुसण्याचा अधिकार संस्थापकाशिवाय कोणालाच नसावा, परीक्षेच्या काळातसुद्धा. नव्या माणसाला पहिले दोन-तीन महिने कसलाच अधिकार नको, मग तो कितीही कामसू असो. संस्थापक गेला, कंटाळला किंवा बारावीत गेला तर मालकी कोणाकडे जाईल, हे पहिल्याच दिवशी लिहून सर्वांना दाखवावे.

ज्या मुलाची हकिकत वर सांगितली त्याने जानेवारीत नवा गट काढला आहे. इंदूरची, पुण्याची मंडळी परत आली. अठरा जण आहेत. त्याने आमच्याकडून आपल्या मंडळाच्या घटनेची प्रत मागून नेली आणि दोन दिवसांनी विचारायला आला, की कोरम म्हणजे काय आणि तो झाला नाही तर अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा कशी भरते. आम्ही सांगितले. ही तर पळवाट झाली, असे त्याचे मत पडले, आणि त्याने ते कलम आपल्या नियमांतून गाळले आहे.